रोजचं बेकन, रक्तदाबाची गोळी आणि चोरिसाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा : वय ४८, राहणं गोव्यातल्या फोंड्याला. दोन वर्षं टेल्मिसार्टनची गोळी चालू, ती घेऊनही रक्तदाब १४२/९० च्या आसपास. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५२. उपाशीपोटीची साखर ११० च्या वर. रोज सकाळी चार काप बेकन (खारवलेलं डुकराचं मांस), त्याच्याच चरबीत दोन अंडी आणि पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, रविवारी चोरीस (डुकराच्या मांसाचं मसालेदार गोवन सॉसेज) आणि पाव. घरात डुक्कर चालत नाही म्हणून बाल्कनीत वेगळी शेगडी आणि वेगळा तवा. मुलगी म्हणते बेकन म्हणजे सिगारेटच. मित्र म्हणतात घरची चोरीस खा, तिच्यात केमिकल नसतं. सगळं सोडून द्यावं, की काही मार्ग आहे?

उत्तर :

मार्ग आहे. बेकन कायमचं सोडायची गरज नाही, पण रोजचं बंद करावं लागेल. तुमचे आकडे पाहता त्याचं पहिलं कारण मीठ, दुसरं चरबी, आणि ज्याची सगळ्यात जास्त चर्चा होते तो कॅन्सर तिसरा. क्रम सांगायचं कारण असं की माणसं कॅन्सरच्या बातमीने घाबरतात, आठवडाभर बंद करतात, मग ‘एवढ्याने काय होतं’ म्हणून पुन्हा सुरू करतात. मिठाचा परिणाम मात्र घरच्या रक्तदाबाच्या यंत्रावर काही आठवड्यांतच दिसतो.

डब्ल्यूएचओ आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, दोघांचीही मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मीठ. म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, आणि त्यात दिवसभराचं सगळं आलं. आता तुमची न्याहारी मांडू. पातळ कापाचं बेकन भाजल्यावर एक काप साधारण ८ ग्रॅमचा उरतो, त्यात सुमारे १४० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ. चार कापांचं झालं १.४ ग्रॅम, काप जाड असतील तर याच्या दुप्पट धरा. पोईचं अर्धा-पाऊण ग्रॅम. अंड्यांचं स्वतःचं सोडियम आणि वरची चिमूट मिळून आणखी पाऊण. नऊ वाजायच्या आत दिवसाच्या वाट्यातलं निम्म्याहून जास्त मीठ पोटात गेलेलं असतं. दुपारी हुमण, म्हणजे नारळ घातलेलं माशाचं कालवण आहे, तोंडी लावायला सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) नाहीतर लोणचं आहे. संध्याकाळी चहाबरोबर फरसाण आलं की ५ ग्रॅम कधीच मागे पडतात. टेल्मिसार्टन घेऊनही रक्तदाब खाली येत नसेल तर डोस वाढवण्याआधी हा हिशेब डॉक्टरांसमोर ठेवा. भरपूर मीठ खाणाऱ्यात या जातीच्या गोळ्यांचा जोर कमी पडतो.

चरबीचं गणितही असंच. चार पातळ कापांत एलडीएल वाढवणारी सॅच्युरेटेड चरबी साडेचार ग्रॅमच्या आसपास, दोन अंड्यांत तीन. पण तव्यात सुटलेल्या चरबीचा एक मोठा चमचा अंड्यांसाठी ठेवलात की त्यात आणखी पाच ग्रॅम आले, म्हणजे अख्ख्या बेकनपेक्षा जास्त. एलडीएल १५२ असणाऱ्याने दिवसाला १५ ग्रॅमच्या आत राहावं असं सांगतात. उरलेला कोटा हुमणातल्या नारळासाठी पुरत नाही, कारण नारळाची चरबी बहुतांश सॅच्युरेटेडच. डुकराच्या चरबीत ती साधारण ४० टक्के असते. म्हणून गोव्यात बेकनचा विचार नारळ बाजूला ठेवून करता येत नाही. ज्या दिवशी बेकन, त्या दिवशी दुपारी नारळ घातलेलं हुमण नको. तिखलं, म्हणजे बिननारळाचं तिखट कालवण, करा, किंवा सोलांच्या कढीवर भागवा, तीही बिननारळाची.

साखरेचं एका वाक्यात सांगतो. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे २०२३ साली आलेले आकडे पाहिले तर मधुमेहाचं प्रमाण देशात सरासरी ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे राज्यांत सर्वांत वर. तुम्ही त्या रांगेच्या तोंडाशी उभे आहात.

मुलीचं म्हणणं किती खरं

अर्धं. ऑक्टोबर २०१५ मध्ये डब्ल्यूएचओच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. पण गट ठरतो तो पुरावा किती पक्का आहे यावरून. धोका किती मोठा हे त्यातून कळत नाही. धोक्याचा आकडा वेगळा आहे : रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. समजा एखाद्या वस्तीत हजारातल्या २० जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार व्हायचा आहे. सगळ्या वस्तीने रोज ५० ग्रॅम खाल्लं तर ते २० चे २३-२४ होतील. सिगारेटने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका पंधरा ते तीस पटींनी वाढतो. तेव्हा दोन्ही एका तागडीत घालू नका. मात्र तुमचे रोजचे बत्तीस ग्रॅम आणि रविवारची चोरीस मिळून तुम्ही त्या ५० ग्रॅमपासून फार लांब नाही, हेही खरं.

यातला ‘रोज’ हा शब्द बहुतेकजण वाचतच नाहीत. महिन्यातून दोनदा खाणाऱ्यावर हा आकडा तसाच्या तसा लावता येत नाही.

धोका येतो कुठून? बेकनमध्ये सोडियम नायट्राइट घालतात. त्याने मांस गुलाबी राहतं, ती खास चव येते, चरबी लवकर खवट होत नाही, आणि मुख्य म्हणजे बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढत नाही. हे नायट्राइट मांसातल्या अमाइनांशी मिळून नायट्रोसामाइन, म्हणजे कॅन्सरला कारण ठरणारी संयुगं, बनतात. काही पोटात बनतात, काही तव्यावर. बेकनच्या बाबतीत तवा विशेष महत्त्वाचा, कारण १७०-१८० अंशांच्या वर तळलं की नायट्रोसोपायरोलिडीन नावाचं संयुग बनायला लागतं, आणि त्याचा मोठा वाटा कापात न राहता सुटलेल्या चरबीत जातो. अमेरिकेत म्हणूनच कारखान्यात खारं पाणी टोचून केलेल्या बेकनमध्ये नायट्राइट दहा लाखांत १२० भाग, आणि सोबत ५५० भाग एस्कॉर्बेट किंवा एरिथॉर्बेट घालणं बंधनकारक केलेलं आहे. क जीवनसत्त्वाच्या जातीचे हे पदार्थ नायट्रोसामाइन बनू देत नाहीत. याशिवाय धुरातली आणि करपण्यातून येणारी संयुगं आहेत, आणि लाल मांसातलं लोहही आहे. म्हणून नायट्राइट काढलं की प्रश्न मिटला, असं होत नाही.

मित्रांची चोरीस

इथे मित्र चुकतात. घरच्या चोरिसात बहुधा नायट्राइट नसतं, हे खरं. मांसाचे आणि चरबीचे हाताने तुकडे करतात, मीठ लावून दाबाखाली ठेवून पाणी काढतात, माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मिरची-लसूण-मिरी-जिऱ्याच्या मसाल्यात मुरवतात, आतड्यात भरतात, उन्हात वाळवतात आणि धुरी देतात. लाल रंग मिरचीचा. पण ‘प्रक्रिया केलेलं मांस’ याची व्याख्याच खारवलेलं, मुरवलेलं, आंबवलेलं किंवा धुरावलेलं अशी आहे. चोरीस त्यातल्या बहुतेक सगळ्या कसोट्यांना उतरते. मीठ तर बेकनच्या तोडीस तोड, कधी जास्तच, कारण फ्रिज नसलेल्या काळी अख्खा पावसाळा टिकावी म्हणून तिची पाककृती बेतलेली आहे. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, सामानात ती असायची ती यासाठीच.

तरी बेकनपेक्षा चोरिसात एक सोय आहे. तिची चव इतकी कडक की ती मसाल्यासारखी वापरता येते. चार माणसांना १०० ग्रॅम चोरीस पुरते. वरची कातडी काढा, मोकळी करा, दोन कांदे आणि दोन मोठे बटाटे मोठ्या फोडी करून घाला, कपभर पाणी, झाकण, मंद आच, अर्धा तास. वरून मीठ अजिबात नको, व्हिनेगरही नको. बटाटा मीठ ‘ओढून घेतो’ असं म्हणतात. तो ते नाहीसं करत नाही, फक्त जास्त घासांत वाटतो, आणि तुम्हाला तेवढंच हवं आहे. भाजी आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलीत तर सकाळी वर लाल चरबीचा थर गोठलेला मिळतो. त्यातला तीन-चतुर्थांश चमच्याने उचलून टाका. सगळा काढलात तर मिरचीचा रंग आणि निम्मी चव त्याबरोबर जाईल, म्हणून थोडा ठेवा.

चोरीस बाजारात टांगलेली असते आणि कोरडी दिसते म्हणून ती तयार आहे असं समजू नका. सलामीसारखी कापून कच्ची खायची ती वस्तू नाही. उन्हाने मांस वाळतं, शिजत नाही. अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो; पूर्ण शिजवणं हाच त्यावर खात्रीचा उपाय. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा मडगावहून माळ आणलीत तर एक मणी दाबून पाहा. तो घट्ट असावा, बोटाला चिकट लागू नये. आतली चरबी पांढरी किंवा मिरचीने लाल झालेली असावी. पिवळी पडून जुन्या तेलाचा वास येत असेल तर ती खवट आहे, शिजवून ती सुधारत नाही. जून-जुलैच्या दमटपणात माळ पुन्हा ओल धरते, म्हणून पावसाळ्यात आणलेली माळ टांगू नका. कागदात गुंडाळून डब्यात घालून थेट फ्रीझरमध्ये टाका.

टर्की किंवा चिकन बेकनचं लोक विचारतातच. चरबी कमी, एवढाच फायदा. मीठ जवळपास तेवढंच, नायट्राइटही तेच. चिकन सॉसेज, हॅम, सलामी यांनाही हाच हिशेब. पाकिटावर ‘अनक्युअर्ड’ किंवा ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा सेलेरीच्या भुकटीतून आलेलं नायट्राइट असतं. रेणू तोच, दाम जास्त.

पाकिटावर तीन गोष्टी पाहा. सोडियम दर १०० ग्रॅमला किती, हे पहिलं. दोन पाकिटांत बराच फरक सापडतो, आणि कमीवालं घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. दुसरं, घटकांत आयएनएस (घातलेल्या द्रव्याचा क्रमांक) २५० म्हणजे नायट्राइट. ते असेल तर सोबत ३०१ किंवा ३१६ आहे का पाहा, ही वर सांगितलेली क जीवनसत्त्वाच्या जातीची मंडळी. तिसरं, ४५१ किंवा ४५२ हे फॉस्फेट. ते पाणी धरून ठेवण्यासाठी घालतात. असं बेकन तव्यावर पांढरा फेस सोडतं आणि भाजण्याऐवजी उकडतं. मग आपण आच वाढवतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं.

भाजण्याची रीत

इथे थोडा वेळ घालवा, कारण एवढी एक गोष्ट सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

तवा जाड हवा, बिडाचा उत्तम. तो गार असतानाच काप एकमेकांवर न चढवता मांडा आणि चार-पाच मोठे चमचे पाणी घाला. मग मंद आच. पाणी आहे तोवर तवा १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि तेवढ्या वेळात काप न करपता चरबी सुटायला लागते. सहा-सात मिनिटांत पाणी उडतं आणि चरचर ऐकू येते. इथे तवा उतरवून सुटलेली चरबी एका वाटीत ओतून टाका. पुन्हा मंद आचेवर ठेवा, दर मिनिटाला काप उलटा, आणखी चार-पाच मिनिटं. काप सोनेरी-तांबूस झाला, चिमट्याने उचलल्यावर किंचित वाकतो आहे, अशा वेळी काढा. तो कागदावर गार होता होता कुरकुरीत होतो. तव्यावरच कुरकुरीत होऊ दिलात तर ताटात येईपर्यंत तो करपलेला असतो. काळ्या कडा कात्रीने कापून टाका. तिथे चव नसते, फक्त कडूपणा असतो.

काप वेटोळे होत असतील तर आच जास्त आहे. मांस आणि चरबी वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात, एकदम तापलं की काप पिळवटतो, उंचावलेला भाग कच्चा राहतो आणि टेकलेला करपतो. काप फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवले, की सुटेही होतात आणि फाटतही नाहीत.

ओव्हन असेल तर १८० अंशांवर जाळीवर, खाली तबक, वीस-पंचवीस मिनिटं. चरबी खाली गळते आणि काप तिच्यात तळला जात नाही. मायक्रोवेव्हची लोकांना लाज वाटते, पण नायट्रोसामाइन सगळ्यात कमी तिथेच बनतात. पांढऱ्या साध्या किचन पेपरच्या दोन-दोन घड्यांमध्ये काप ठेवायचे, काप एक मिनिट या हिशेबाने. रंग फिका येतो. कुरकुरीतपणा मात्र चांगला येतो, आणि बाल्कनीतल्या शेगडीचा प्रश्नही सुटतो.

मीठ आणखी कमी करायचं असेल तर काप दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून, ते पाणी फेकून, पुसून मग भाजा. थोडा धुराचा वासही जातो. सॅलडमध्ये किंवा पुलावात घालायच्या तुकड्यांना हे चालतं. नुसतंच खायच्या कापांना नको, ते कागदासारखे लागतात.

सुटलेल्या चरबीत अंडी तळणं, हे तुमच्या न्याहारीतलं सर्वांत वाईट काम. सॅच्युरेटेड चरबी तिच्यात, नायट्रोसामाइनचा मोठा वाटाही तिच्यातच. ती वाटीत गोठू द्या आणि कागदात बांधून कचऱ्यात टाका. मोरीत ओतू नका, नळीत थिजते. अंडी चमचाभर साध्या तेलात करा किंवा उकडा, आणि त्यांवर मीठ घालू नका; शेजारी बेकन असताना ते लागत नाही. सोबत टोमॅटो, नाहीतर पेरूच्या दोन फोडी घ्या. क जीवनसत्त्वाची थोडी मदत होते. कोंडा असलेली खरी पोई मैद्याच्या पावापेक्षा बरी, कारण आतड्याच्या कॅन्सरविरुद्ध धान्यातला चोथा उपयोगी पडतो याला चांगला पुरावा आहे. मात्र हल्ली कित्येक ठिकाणी पोई म्हणजे मैदाच, वर कोंडा भुरभुरलेला. फोडून आतला रंग बघून घ्या.

घरी करायचं असेल तर

मीठ आपल्या हातात ठेवायचं असेल तर घरी बेकन करणं अवघड नाही, पण अंदाजाने करायचं काम नव्हे. पोटाकडचं, चरबी-मांसाचे थर दिसतील असं १ किलो मांस, कातडी काढलेलं, ३-४ सेंटिमीटर जाड. मीठ १८ ग्रॅम, साखर १० ग्रॅम, भरडलेली मिरी चमचाभर, आणि क्युअरिंग सॉल्ट नंबर १ बरोबर २.५ ग्रॅम. या मिश्रणात ६.२५ टक्के नायट्राइट असतं, म्हणजे किलोमागे साधारण १५६ मिलिग्रॅम पडतं. दशांश ग्रॅम दाखवणारा सोनाराचा छोटा काटा घ्या. चमच्याने मोजू नका. सगळं चोळून झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, फ्रिजच्या सर्वांत गार कप्प्यात ४ अंशांच्या खाली सात दिवस, रोज एकदा उलटं. सुटणारं पाणी ओतून टाकू नका, मीठ त्यातच आहे. आठव्या दिवशी चटकन धुऊन, पुसून, एक रात्र फ्रिजमध्येच जाळीवर उघडं ठेवा, म्हणजे वरून कोरडं होईल. मग ओव्हन ९५ अंशांवर, मांसाच्या मध्यभागी थर्मामीटर ६५ दाखवीपर्यंत. दोन तास लागतात. रात्रभर गार करून मगच कापा, नाहीतर काप तुटतात.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. मध्ये करडा पट्टा राहिला तर मीठ आतपर्यंत पोचलेलं नाही; तुकडा जाड होता किंवा दिवस कमी पडले. बुळबुळीत आणि आंबूस झालं तर फ्रिज पुरेसा गार नव्हता. पावसाळ्यात वीज तासन् तास जाते तेव्हा हे काम काढूच नका. फार खारट झालं तर काटा न वापरता मीठ घातलं गेलं. तयार बेकन फ्रिजमध्ये आठवडाभर, फ्रीझरमध्ये दीड-दोन महिने; त्यापुढे नको, कारण मिठामुळे चरबी गोठलेली असतानाही खवट होत जाते.

आता धोक्याचं. क्युअरिंग सॉल्ट मुद्दाम गुलाबी रंगवलेलं असतं, साध्या मिठात मिसळू नये म्हणून. आपल्याकडे गुलाबी सैंधवही डब्यात असतं. या दोन्हींची अदलाबदल दोन्ही बाजूंनी वाईट : सैंधवाने बोटुलिझमपासून काही संरक्षण मिळत नाही, आणि क्युअरिंग सॉल्ट चमच्याने जेवणात पडलं तर विषबाधा होते, ओठ-नखं निळसर होणं, धाप लागणं ही तिची लक्षणं, आणि तेव्हा थेट इस्पितळ गाठायचं. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहून तो मिठाच्या फडताळापासून लांब ठेवा. शुद्ध सोडियम नायट्राइट किंवा सोरा (पोटॅशियम नायट्रेट) आणून स्वतः मिश्रण करण्याच्या भानगडीत पडू नका. जुन्या पद्धतीत सोरा घालत, पण त्याचं नायट्राइट किती होईल हे जंतूंवर अवलंबून असतं, काट्यावर नाही.

हे सगळं करून जे मिळतं तेही प्रक्रिया केलेलं मांसच. फरक मिठाचा. घरच्या बेकनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास मीठ येतं. बाजारच्या काही पाकिटांत ते तीन टक्क्यांच्याही वर असतं.

त्यापेक्षा सरळ पर्याय आहे, आणि माझं मत विचाराल तर रोजच्या तलफेवर तोच चालवा. ताजं पोटाकडचं मांस अर्धवट गोठवून पातळ काप करा. १०० ग्रॅमला १ ग्रॅम मीठ, मिरी, ठेचलेली लसूण, चिमूटभर धुरकट पापरिका आणि चमचाभर माडाचं व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवा आणि वरच्याच रीतीने भाजा. हे लाल मांस झालं, आयएआरसीच्या यादीत एक पायरी खाली, ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात. चव बेकनची नाही. उगाच तसं सांगणार नाही. पण कुरकुरीत चरबीची जी मुख्य ओढ असते ती भागते. हेही आठवड्यातून एक-दोनदाच. सगळं लाल मांस मिळून आठवड्याला शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅम, ही जागतिक कर्करोग संशोधन निधीची वरची मर्यादा. त्याच शिफारशीत प्रक्रिया केलेलं मांस खायचंच तर फार थोडं, असं म्हटलं आहे.

तुम्ही काय करावं

पहिले सहा आठवडे बेकन, चोरीस, हॅम सगळं बंद. शिक्षा म्हणून नाही. तुमच्या रक्तदाबातला किती भाग मिठाचा आहे ते कळायला दुसरा उपाय नाही. श्रावण लागल्यापासून गणपती पोचवेपर्यंत जवळजवळ तेवढाच काळ जातो, घरात तसंही शिवराक, म्हणजे शाकाहारच, असतं, तेव्हा सुरू केलंत तर निम्मं काम पंचांगच करेल. आधीच्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात सात-सात दिवस सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून लिहून ठेवा, पाच मिनिटं बसून, हात टेकवून. शेवटी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. एलडीएलमध्ये आहाराने होणारा फरक एवढ्या काळात दिसतो. आकडे खाली आले म्हणून गोळी स्वतः कमी करू नका, कागद डॉक्टरांना दाखवा. आणि ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय आणू नका : त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवतं.

त्यानंतर आठवड्याला एक पाळी. बेकन तरी नाहीतर चोरीस तरी, दोन्ही नाही. बेकन असेल तर दोन-तीन पातळ काप, चोरीस असेल तर माणशी २५ ग्रॅम, ताटात वाढण्याआधी काट्यावर. तो दिवस बिनलोणच्याचा, बिनखाऱ्याचा. आणि बिनबिअरचा : दारूही आतड्याच्या कॅन्सरच्या पहिल्या गटातच आहे आणि रक्तदाबही वाढवते. बारमध्ये थंड बाटलीसोबत चोरीस-पाव मागवता तेव्हा दोन्ही एका ताटात येतात.

ही मुभा सगळ्यांना नाही. हृदय कमकुवत झालेल्यांनी, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, मोठ्या आतड्यात गाठी निघालेल्यांनी किंवा आई-वडील-भावंडांत हा कॅन्सर असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय महिन्यातून एकदाही खाऊ नये. क्षयावर लिनेझोलिड चालू असेल तर आंबवलेली, मुरवलेली मांसं वर्ज्य. त्यांतल्या टायरामाइनने रक्तदाब एकदम चढू शकतो. घरात क्षयावरचंच आइसोनियाझिड घेणारं कुणी असेल तर त्यालाही चोरीस वाढू नका.

तुमच्या वयाला विष्ठेतलं रक्त तपासण्याची साधी चाचणी एकदा करून घ्या, बेकन खाल्लं तरी आणि सोडलं तरी. शौचाच्या सवयी बदलल्या, रक्त दिसलं किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलं तर मूळव्याध समजून सहा महिने घालवू नका.

राहिला बाल्कनीतला तवा. तो राहू द्या. पण खाणं मात्र घरच्यांना माहीत असू द्या, कारण चोरून खाल्लेलं कुणीच मोजत नाही, खाणाराही नाही. आणि ती बिडाची वस्तू असेल तर वापरल्यावर गरम पाण्याने घासून, आचेवर सुकवून, साध्या तेलाचा हात फिरवून ठेवा; बेकनची चरबी तशीच राहिली तर दमट हवेत आठवड्यात खवट होते, आणि पुढच्या वेळी काप ताजे असले तरी वास तिचाच येतो.